दीड अंश

जेवणानंतर पडवीत आडवे होऊन मोबाइल चाळायचा आणि कधीतरी डोळा लागला की तो छातीवर पडून जाग यायची, असा माझा दुपारचा नेम आहे. मागच्या आठवड्यात मात्र डोळा लागलाच नाही. हौशी छायाचित्रकारांच्या एका मंडळात मी सकाळी रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, फोटो टाकला होता. दुपारपर्यंत त्याला बासष्ट बदाम, अकरा ‘अप्रतिम’ आणि चार जोडलेले हात मिळाले होते, आणि त्या सगळ्यांच्या खाली कोणा अनोळखी गृहस्थांनी, नमस्कार-चमत्कार काही न करता, एवढेच लिहिले होते : ‘क्षितिज डावीकडे कलले आहे. सुमारे दीड अंश.’

अशा वेळी माणूस पहिल्यांदा काय करतो ते सांगायला नको. मी त्या गृहस्थांचे स्वतःचे फोटो शोधून पाहिले. झेंडूची फुले होती, एक मांजर होते आणि कुठल्याशा धरणाच्या भिंतीचे सात फोटो होते. भिंत सातही वेळा काटेकोर सरळ होती. मग मी उठून नातवाची फूटपट्टी आणली आणि पडद्यावर आडवी धरली. समुद्र खरोखरच कलला होता.

बासष्ट बदामांपैकी एकाच्याही लक्षात हे आले नसेल, हे मला पटत नाही. आले असेल, पण उद्या त्यांनाही फोटो टाकायचा आहे आणि मी तिथे असणार आहे. ही देवघेव जुनी आहे. फोटो डॉट नेट नावाच्या संकेतस्थळावर एके काळी प्रत्येक फोटोला सौंदर्य आणि नावीन्य या दोन कसोट्यांवर एक ते सात गुण देण्याची सोय होती. तिथेही मित्रांनी मित्रांना सात द्यायचे आणि ज्याने आपल्याला तीन दिले त्याला दोन देऊन परतफेड करायची, हे फार लवकर सुरू झाले. यूट्यूबने तर २०१० साली पाच ताऱ्यांची पद्धतच मोडीत काढली, कारण द्यायचे झाले तर लोक पाचच तारे देत होते. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने ‘जेवण कसे झाले’ म्हणून विचारावे आणि आपण ‘उत्तम’ म्हणावे, त्यातलाच हा प्रकार.

मात्र तोंडावर खरे बोलणारी माणसे मी लहानपणी रोज पाहिली आहेत. आमच्या मोठ्या काकांचा वेंगुर्ल्याच्या बाजारात फोटो स्टुडिओ होता. सुट्टीत मी तिथे पडीक असे. मागच्या अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याखाली काका कागद द्रावणात हलवत आणि पांढऱ्या कागदावर आधी भुवया, मग मिशी, मग टोपी अशी माणसे हळूहळू वर येत. फोटो पक्का करणाऱ्या हायपोच्या द्रावणाचा आंबूस वास माझ्या शाळेच्या दप्तरालासुद्धा येई. फोटो वाळले की पाकिटात जात आणि संध्याकाळी गिऱ्हाईक येऊन ते पाकीट काकांच्या समोरच उघडत असे. तिथे तारे नव्हते. ‘ह्यां नाक माझां नाय,’ असे एका बाईंनी ठणकावून सांगितलेले मला आजही ऐकू येते. काकांनी वाद घातला नाही. त्यांनी निगेटिव्ह खालून उजेड येणाऱ्या तिरक्या काचेवर ठेवली, सुईसारखी टोक केलेली पेन्सिल घेतली आणि डोळ्याला भिंग लावून नाकाच्या कडेची सावली टिंबाटिंबाने भरत आणली. दुसऱ्या दिवशी बाईंनी नवा फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, ‘वायट नाय.’ काका दिवसभर खुशीत होते. आमच्याकडे याच्या वरची पायरी नाही.

काकांची स्वतःची श्रेणी एकच होती. दर्शनी काचेत फक्त पाच फ्रेमा मावत. कोणाचा फोटो काचेत लागावा आणि लागला तर कोणाचा काढून, यावरून गावात रुसवेफुगवे होत. एका नवरदेवाने तर आपला फोटो पावसाळ्याआधी काचेतून का काढला म्हणून काकांशी बोलणे टाकले होते. त्या नवरदेवाची मान कलली होती म्हणून फोटो काढला, हे खरे कारण काकांनी त्याला कधीच सांगितले नाही. ऊन लागून रंग उडतो, असे सांगितले. फोटो कृष्णधवल होता.

सरळ-तिरक्याचा विषय निघालाच आहे तर फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरची एक गोष्ट आठवते. तिथे ‘डिलीट मी’ नावाचा एक गट होता. त्यात टाकलेला फोटो ठेवायचा की उडवायचा हे सभासदांनी मत देऊन ठरवायचे. २००६ साली कोणीतरी, छायाचित्रकाराचे नाव न सांगता, एक कृष्णधवल फोटो तिथे ठेवला : वरून दिसणारा वळणदार जिना आणि खालच्या रस्त्यावरून सुसाट निघालेला, पुसटसा सायकलस्वार. सभासदांनी सायकलस्वार अस्पष्ट आहे म्हणून नाक मुरडले आणि फोटो उडवला. तो आँरी कार्तिए-ब्रेसाँ या जगप्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकाराने १९३२ साली फ्रान्समधल्या इयेर गावी काढलेला होता. ही गोष्ट सांगून त्या सभासदांना हसण्याची पद्धत आहे. मी हसत नाही. नाव झाकलेले असताना मी ‘अप्रतिम’ लिहिले असते, असे छातीवर हात ठेवून मला म्हणता येणार नाही.

संध्याकाळी फोटो घेऊन मी किनाऱ्यावर गेलो. ती रापण ज्यांची होती ते तांडेल, म्हणजे मच्छीमारांचे म्होरके, होडीच्या सावलीत जाळे सांधत बसले होते. त्यांनी मोबाइल हातात घेतला, हात लांब केला आणि म्हणाले, ‘डावो दोर ढिलो आसा.’ मग दोन बोटांनी फोटो मोठा करत करत ते पार खालच्या डाव्या कोपऱ्यात गेले. तिथे दोराच्या शेवटाला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा लोंबकळल्यासारखा ओढत होता. ‘ह्यो कोणाचो झील?’ मला माहीत नव्हते. त्यांनी शेजारच्याला दाखवले, त्याने पुढच्याला, आणि मोबाइल पाच-सहा ओल्या हातांतून फिरून खारट होऊन परत आला. क्षितिजाविषयी कोणी काही बोलले नाही. मीही काढले नाही.

रात्री मी तो फोटो दीड अंश फिरवून पाहिला. समुद्र सरळ झाला. पण फोटो फिरवला की चारही कोपरे थोडे थोडे कापावे लागतात, आणि त्यात तो मुलगा गेला. दोर तेवढा राहिला, कोणी न धरलेला. मी फोटो परत होता तसा केला आणि त्या गृहस्थांना लिहिले, ‘धन्यवाद, दुरुस्त केले आहे.’ त्यांनी लगेच एक बदाम पाठवला.