बंद पडलेल्या सर्व्हरमागचा खेळ

कॅपकॉम या जपानी खेळ-कंपनीने २००७ साली जपानमध्ये सुरू केलेला ‘मॉन्स्टर हंटर फ्रंटियर’ हा राक्षसांच्या शिकारीचा ऑनलाइन खेळ १८ डिसेंबर २०१९ रोजी बंद झाला. अमेरिका आणि युरोपात तो अधिकृतपणे कधी आलाच नव्हता, आणि आज कुठेही खेळायचा म्हटले तर खासगी, म्हणजे कंपनीऐवजी चाहत्यांनी चालवलेल्या, सर्व्हरखेरीज मार्ग नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

अशा खेळाची चित्रे, आवाज, राक्षसांच्या हालचाली आपल्या संगणकावर असतात. पण खात्याची नोंद, पेटीतले सामान आणि कोण कोणाबरोबर शिकारीला निघाले याचा हिशेब दूरच्या सर्व्हरवर असतो. तो गेला की लॉगिनचा पडदा तेवढा उघडतो आणि पुढे काहीच घडत नाही. म्हणून जाणकार मंडळी खेळ चालू असतानाच संगणक आणि सर्व्हर यांच्यातली देवाणघेवाण टिपून ठेवतात आणि एकेका संदेशाचा अर्थ लावत, तशीच उत्तरे देणारा नवा सर्व्हर लिहितात. खेळणाऱ्याला पुष्कळदा आपल्या संगणकावरच्या ‘होस्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये (कोणते नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे ती सांगते) जुन्या पत्त्यासाठी नव्या सर्व्हरचा आकडी पत्ता लिहिला की पुरते. जपानी मेन्यूंचे भाषांतर हे वेगळेच, आणि माझ्या मते सर्वांत कमी दाद मिळणारे, काम आहे.

कायद्याची बाजू नाजूक आहे, कारण खेळ बंद झाला तरी त्यावरचा हक्क कंपनीकडेच राहतो. चालू असलेल्या खेळाचा सर्व्हर उभारून पैसे घेणे मला मुळीच पटत नाही. मात्र जो खेळ विकतही मिळत नाही, तो कोणी विनामूल्य जिवंत ठेवत असेल, तर मी त्याच्या बाजूने आहे.