शूरॅकमागचा डीबी

मागच्या मे महिन्यात सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीतून संध्याकाळी फोन आला, एसी लावला की घरभर लाईट मिचमिचतात आणि हॉलमध्ये जळका वास येतोय. म्हटलं एसी बंद करा, मेन स्विच पाडून ठेवा, मी निघालोच. तर आजी विचारतात, "मेन कुठंय रे बाळा?"

गेलो तर घरात खरंच कुणाला माहीत नव्हतं. मुलगा ऑफिसात, त्याने फोनवर सांगितलं शूरॅकच्या वरचं शटर बघा. शटर उघडलं तर कप्पे, त्यात रद्दी, छत्र्या, डासांच्या स्प्रेचे डबे, आणि सगळ्यात मागे डीबी, म्हणजे घरातले सगळे मुख्य स्विच असतात तो डबा, हात खांद्यापर्यंत घातला तरच पोचेल असा. प्लायला फक्त डीबीच्या दाराएवढं भोक पाडलेलं, म्हणजे एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) दिसतात पण कव्हरचे स्क्रू प्लायच्या आड, कव्हर निघणार कसं?

खाली मीटररूममध्ये जाऊन त्यांचा मेन पाडला, वर येऊन टेस्टरने खात्री केली, मग बॅटरीच्या उजेडात कप्पे काढले आणि सुताराला बोलवून प्लाय कापून घेतला. कव्हर काढलं तर आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळाला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचचं, न्यूट्रलचं टर्मिनल काळं पडलेलं, वायरचं इन्सुलेशन बोटभर वितळलेलं आणि डब्याला चिकटलेल्या प्लायवर तपकिरी डाग. लूज कनेक्शन. हे एमसीबीला कळत नाही, कारण करंट नेहमीएवढाच असतो, तापतो फक्त सांधा, आणि बंद कपाटात ती उष्णता जाणार कुठे. वर एमसीबीचं रेटिंग 30 अंशाला धरलेलं असतं, मे महिन्यात कपाटात तो कमी लोडलाच पडायला लागतो आणि लोक म्हणतात एमसीबी खराब आहे, मोठा टाका. असला मोठा एमसीबी टाकला की मागची वायर जळू शकते.

वायर मागे कापून नवीन आरसीसीबी बसवला, पण शेवटी व्होल्टेज बघायला सप्लाय चालू करावाच लागतो, आणि मला भीती असते ती ह्याच वेळेची. कपाटात डोकं, कोपर प्लायला अडकलेलं, स्पार्क झाला तर माणूस मागे सरकणार कुठे? मोकळ्या जागेत निदान मागे सरकायला जागा असते. म्हणून कारखान्यात, मीटररूममध्ये मोठ्या स्विचबोर्डसमोर 1 मीटर जागा मोकळी ठेवायचा नियम आहे, अमेरिकेत तर घरातल्या पॅनलसमोरही 3 फूट लागते आणि कपड्यांच्या कपाटात पॅनल चालतच नाही. आपल्याकडे घरात मात्र डीबी दिसला की आधी तो लपवायचा.

रात्री मुलगा आला, म्हणाला दादा लुक जाईल ना. मी स्पष्ट सांगितलं, शटर ठेवा, पण आत एकही कप्पा नको, भोक कव्हरपेक्षा चारी बाजूंनी मोठं हवं आणि खालचा शूरॅक तिथून हलवा, माणूस सरळ समोर उभा राहिला पाहिजे. तो जरा नाराज होता. आजींनी मात्र सुताराला लगेच सकाळी यायला सांगितलं आणि माझ्याकडून मेन कसा पाडायचा ते दोनदा शिकून घेतलं.