रुग्णाआधीचे धडे: दंतवैद्यकाच्या प्रीक्लिनिकल प्रशिक्षणाचा माझा अनुभव

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला रुग्णावर उपचार करण्याची मुभा मिळण्यापूर्वी प्रीक्लिनिकलचा टप्पा पार करावा लागतो. मेणाचे दात कोरणे, तारा वाकवणे, कवळीचे दात लावणे आणि फँटम हेडमधील (सरावाच्या कृत्रिम डोक्यातील) दातांवर कॅव्हिटी, म्हणजे भरणासाठीचा खड्डा, तयार करणे अशी त्यातली कामे असतात. या काळात हाताला वळण लागते असे सर्वजण सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु माझ्या बाबतीत आधी नजर घडली, आणि ती घडेपर्यंत केलेल्या सरावाचा कामावर फारसा परिणाम दिसला नाही.

नजरेची ही घडण वॅक्स कार्व्हिंगपासून सुरू झाली. वरची पहिली दाढ कोरताना तिच्यावरून तिरका जाणारा उंचवटा कुठून निघतो आणि कुठे मिळतो, हे निरखून पाहिल्याशिवाय मेणावर सुरी चालवता येत नव्हती. पुढे त्याच दाढेवर कॅव्हिटी करताना कीड त्या उंचवट्यापर्यंत पोहोचलेली नसेल तर तो राखायचा असतो, हे शिकवले गेले, तेव्हा त्यामागचे कारण वेगळे समजावून घ्यावे लागले नाही. दाताला बळ देणारा भाग कोणता, हे मेणात तो उभारतानाच कळले होते.

फँटम हेडवरचा सर्वांत कठीण भाग माझ्या मते आरशाचा होता. वरच्या दाढा थेट दिसत नाहीत. त्यांचे काम माउथ मिररमध्ये पाहूनच करावे लागते आणि आरशात दिशा उलटलेली असल्यामुळे बर (दात कोरणारे छोटे फिरते टोक) पुढे न्यायचा म्हटले की हात मागे जातो. त्यातच एअरोटरचा (हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचा) बर मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेत असल्याने त्यावर दाब देण्याचा प्रश्नच नसतो, हलका स्पर्श पुरतो. म्हणून मी मशीन बंद ठेवून, शेजारच्या दातावर फिंगर रेस्ट (बोटाचा आधार) घेऊन, आरशात पाहत नुसत्या खाचांवरून बर फिरवण्याचा सराव दीर्घकाळ केला. हा सराव कंटाळवाणा वाटतो, पण पाठ न वाकवता बसण्याची सवयही त्यातूनच लागते. आरशावर विश्वास नसलेला विद्यार्थी मान वळवून थेट पाहण्याचा प्रयत्न करत राहतो.

दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांच्या कॅव्हिटींच्या वर्गीकरणातील क्लास टू कॅव्हिटी, म्हणजे मागच्या दातांच्या एकमेकांना लागून असलेल्या बाजूंवरची कॅव्हिटी, हा माझ्या दृष्टीने या टप्प्याचा गाभा होता. अमाल्गम (पारा मिसळलेले धातूचे भरण) दाब चांगला सोसते, ताण मात्र सोसत नाही आणि त्याची पातळ कड तुटते. म्हणून खोली साधारण 1.5 ते 2 मिलिमीटर आणि कडेचा कोन 90 अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. शिक्षकांना दाखवण्याआधी मी प्रत्येक कॅव्हिटी खुणा असलेल्या प्रोबने (बारीक सळईने) मोजून मापे वहीत लिहीत असे. आज कॉम्पोझिटसाठी (दाताच्या रंगाच्या भरणासाठी) इतका ठरावीक आकार लागत नाही, तरीही हा सराव कालबाह्य झाला असे मला वाटत नाही, कारण ठरवलेल्या खोलीवर थांबता येणे हे कोणत्याही भरणासाठी आवश्यक असते.

ऑर्थोच्या (वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या शाखेच्या) वायर बेंडिंगमध्येही हाच धडा वेगळ्या रूपाने मिळाला. ॲडम्स क्लास्पसाठी (दाढेला धरणाऱ्या तारेच्या पकडीसाठी) 0.7 मिलिमीटरची तार वापरतात. ती एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की कडक होऊन तुटते, त्यामुळे वळण कुठे द्यायचे हे प्लायर लावण्याआधीच ठरवावे लागते.

एंडोच्या, म्हणजे रूट कॅनालच्या, सरावासाठी रुग्णांचे काढलेले नैसर्गिक दात हाती आले आणि प्लास्टिकच्या दातांची मर्यादा लक्षात आली. इनॅमलमधून (दाताच्या कठीण बाह्य थरातून) डेंटिनमध्ये (त्याखालच्या मऊ थरात) शिरताना बरला जाणवणारा बदल प्लास्टिकमध्ये नसतो. हे दात वापरण्यापूर्वी निर्जंतुक करावे लागतात. मात्र ज्यांत अमाल्गम आहे ते ऑटोक्लेव्हमध्ये (गरम वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालायचे नसतात, कारण उष्णतेने पाऱ्याची वाफ निघते, आणि म्हणून ते फॉर्मॅलिनमध्ये (जंतुनाशक द्रावणात) ठेवतात. पल्प चेंबरचा (दाताच्या आतल्या पोकळीचा) तळ भोवतीच्या भिंतींपेक्षा गडद असतो आणि त्यावरच्या रेषांचा माग घेत मुळांमधल्या कालव्यांची (रूट कॅनालची) तोंडे सापडतात. वरच्या पहिल्या दाढेच्या मेसिओबकल (पुढच्या, गालाकडच्या) मुळामध्ये बहुधा दुसराही कालवा असतो. हातातल्या दाताचा एक्स-रे बाजूनेही घेता येतो, त्यामुळे एकामागे एक लपलेले हे दोन कालवे वेगळे दिसू शकतात; रुग्णाच्या तोंडात त्या बाजूने एक्स-रे घेता येत नाही. मी असे दोन्ही बाजूंचे एक्स-रे शेजारी ठेवून तुलना करत असे, आणि समोरून घेतलेल्या चित्रात काय दडू शकते याचा अंदाज मला त्यातूनच आला.

फँटम हेडला जीभ हलवता येत नाही, लाळ सुटत नाही, भीतीही वाटत नाही. त्यामुळे क्लिनिकमध्ये जाण्यापूर्वीचा उरलेला वेळ मी नव्या कॅव्हिटींऐवजी रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावण्यात आणि आरशातल्या कामात घालवला, आणि पहिल्या रुग्णांवर काम करताना या दोन्ही गोष्टींचा मला सर्वाधिक उपयोग झाला.