पांढरी मांजर करडी का येते?

नवीन कॅमेरा घेतल्यावर पहिले सहा महिने मी सगळं ऑटोवरच काढलं. फोटो तसे बरे यायचे, पण आमची पांढरीशुभ्र मांजर दर वेळी मळकट करडी, आणि काळा कुत्रा काढला तर तो धुरकट. मला वाटायचं लेन्सच खराब आहे.

पण लेन्स अगदी व्यवस्थित होती. कॅमेऱ्यातलं मीटर समोरून किती उजेड येतोय तेवढं मोजतं, ती वस्तू मुळात पांढरी आहे की काळी हे त्याला कळत नाही, म्हणून ते बहुतेक वेळा सगळं मधल्या करड्या छटेवर आणून ठेवतं. हल्लीचे कॅमेरे याबाबतीत हुशार झालेत, पण अजूनही चुकतात. म्हणजे फ्रेममध्ये पांढरं जास्त असेल तर आपणच +१ करायचं, म्हणजे फोटो उजळ करायचा, काळं जास्त असेल तर -१, म्हणजे गडद. त्यासाठीच ते + - चं बटण असतं. पण फुल ऑटोवर बऱ्याच कॅमेऱ्यांत हे बटण चालतच नाही, आणि माझ्या मते ऑटो सोडायला एवढं कारण पुरेसं आहे.

लगेच मॅन्युअलवर उडी मारू नका, चकतीवर ए किंवा एव्ही असतं तिथे या. इथे अपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) तुम्ही ठरवायचं आणि शटर (उजेड किती वेळ आत येतो ते) कॅमेरा बघून घेतो. अपर्चरचे आकडे उलटे चालतात, आकडा लहान तितकं भोक मोठं, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो. एफ २.८ वरून ४ वर गेलात की उजेड निम्मा, ४ वरून ५.६ वर गेलात की परत निम्मा. शटर १/१२५ सेकंदाचं १/२५० केलं तरी निम्माच होतो, आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) १०० चा २०० केला की तेवढीच भरपाई होते. हा हिशोब एकदा डोक्यात बसला ना की बाकी सगळं यातूनच सुटत जातं.

शटरवर मात्र लक्ष ठेवा. धावणाऱ्या पोरांना १/५०० तरी लागतं, आणि ते मिळत नसेल तर आयएसओ बिनधास्त १६०० करा, कारण त्याने येणारा नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो पण हललेला फोटो गेला तो गेलाच. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा, उजेड थोडा चुकला तरी सावरायला जागा राहते, फाइल मोठी होते पण चालतं. (कार्ड मात्र कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, आणि त्याआधी फोटो कॉपी झालेत का बघा!)

आणि सराव घरातच करा, खिडकीपाशी. कुणालातरी बसवा, आधी तोंड खिडकीकडे, मग आडवं, मग पाठ खिडकीकडे, सेटिंग तेच ठेवून फक्त माणूस फिरवा आणि सावली नाकाच्या कुठल्या बाजूला पडते ते बघत राहा. मी हे मांजरीवर केलं, ती बसेल तशी. एका सकाळी ऊन बाजूने येत होतं, एफ ४, +१, आणि पहिल्यांदाच ती पांढरी आली, कानातली गुलाबी कड आणि एकेक मिशी दिसत होती.