एकाच ताटातले दोघे भाऊ

फेब्रुवारी म्हणजे आफ्रिकेतल्या मलावीत तंगीचे दिवस. शेतात मका उभा असतो, पण तो घरात यायला एप्रिल उजाडतो आणि कणगी तोवर रिकामी झालेली. मांगोची जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात आमचं आहार-सर्वेक्षण चालू होतं. काल मुलानं काय खाल्लं ते आईला विचारून लिहायचं, हे माझं काम. ऐकायला सोपं, पण न्सिमाच्या (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) एकाच ताटात चार पोरं हात घालतात. धाकट्यानं किती घास घेतले, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही!

त्या दिवशी एक बाई दोन वर्षांच्या जुळ्यांना घेऊन आली. एक किरकोळ, सारखा इकडेतिकडे पळणारा. दुसरा गालांनी भरलेला, पण आईच्या मांडीवरून हलेना. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी दोघांचीही हिरव्यात, म्हणजे ठीक. मेळघाटात काम केलेलं असल्यानं कुपोषण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हाडं-कातडीच येते. आरोग्यसेवकानं मात्र त्या गुबगुबीत पोराची दोन्ही पावलं अंगठ्यांनी दाबून तीन सेकंद धरली. अंगठे काढले, तरी खळगे तसेच. क्वाशिओरकोर, म्हणजे अंगावर सूज आणणारं कुपोषण. अशी सूज असली की दंडघेर काहीही भरो, मूल तीव्र कुपोषितच धरतात.

आई एक, ताट एक, मग एकालाच का? मलावीतच 317 जुळ्यांच्या जोड्यांवर झालेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 43 टक्के जोड्यांत एक मूल कुपोषित झालं, दुसरं नाही. आणि क्वाशिओरकोर झालेल्यांच्या आतड्यातल्या जंतूंचाही यात हात असल्याचं दिसलं. ‘क्वाशिओरकोर म्हणजे प्रथिनं कमी पडली’ एवढं पाठ करून गेलेल्याला हे पचायला जडच.

पोरानं उपचाराच्या शेंगदाणा-पेस्टचं पाकीट चाटूनपुसून खाल्लं, म्हणजे भूक शाबूत होती आणि घरीच उपचार करता येणार होते. आठवड्याची पाकिटं हातात घेत आईनं विचारलं, “आणि ह्याला?” नियमानं फक्त आजारी मुलाला. त्या अभ्यासात मात्र दोघांनाही देत, कारण आई वाटून देणारच हे त्यांनी धरलं होतं. मला तेच शहाणपणाचं वाटतं.

पुढच्या आठवड्यात वजन घटलेलं पाहून आई चिडली. सूज उतरली की आधी पाणीच जातं, हे आरोग्यसेवकानं पावलं पुन्हा दाबून दाखवलं. पाकिटं दोघांत वाटल्याचं तिनं सरळ सांगून टाकलं. माझ्या फॉर्मात त्याला रकाना नव्हता; समासात लिहिलं.