दहा अंश आधी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. 'सायलेंट हंटर' या पाणबुडीच्या गेममध्ये टॉर्पेडो, म्हणजे पाण्यातून जाऊन जहाजावर फुटणारं अस्त्र, हातानं लावायला, म्हणजे मॅन्युअल टार्गेटिंगला, गणित किती लागतं? महिन्यातून एकदा तरी कुणीतरी हे विचारतंच, आणि विचारताना त्याचा चेहरा दहावीच्या भूमितीच्या पेपरला बसल्यासारखा असतो. उत्तर सोपं आहे: एक टॅन, म्हणजे काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले कोनाला लागून असलेली काटकोनाची बाजू. तो मला शाळेत कळला नव्हता, धातू कातायच्या लेथवर कळला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. टेपर, म्हणजे निमुळता आकार, कापायचा तर लेथवरची हत्यार धरणारी कंपाउंड स्लाइड किती अंश फिरवायची? मोठा व्यास वजा लहान व्यास, भागिले लांबीची दुप्पट. जो आकडा येईल तो ज्या कोनाचा टॅन, तेवढी स्लाइड फिरवायची. हे पंचवीस वर्षं करतोय. त्यामुळं जहाज 8 नॉटनं (नॉट म्हणजे समुद्रावरचं वेगाचं माप) चाललंय, टॉर्पेडो 44 नॉटनं जाणार, तर नेम किती अंश पुढं धरायचा, हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा हसूच आलं. 8 भागिले 44, कोन दहा अंशांच्या जरासा वर. आपलाच टेपर, फक्त समुद्रात.

तरीही हातानं लावलेले माझे पहिले अकरा टॉर्पेडो वाया गेले. आता खरी गोष्ट.

भाचा म्हणाला होता, "मामा, ते ऑटोवर टाका की. हिरवं झालं की बटन दाबायचं, झालं." ऑटोवर जहाजावर एक त्रिकोण येतो आणि त्याचा रंग बदलतो. आठवडाभर तसं खेळलो. जहाजं बुडाली, पण मी काय केलं ते मला सांगता येईना. मग सेटिंगमध्ये जाऊन मॅन्युअल केलं आणि सगळंच बंद पडल्यासारखं झालं. अंतर मोज, वेग मोज, जहाजाच्या नाकापासून आपण किती अंशांवर आहोत ते मोज, तिन्ही आकडे पाणबुडीतल्या नेम काढणाऱ्या यंत्रात भर, तोवर जहाज निघून गेलेलं. घरातून विचारणा, "दीड तास झाला, एक बोट बुडंना व्हय?"

चूक गणितात नव्हती, मी उभा होतो त्या जागेत होती. जर्मन सातव्या प्रकारची, सी मॉडेलची पाणबुडी पाण्यावर 17.7 नॉट पळते, पाण्याखाली जास्तीत जास्त 7.6. म्हणजे बुडी मारली की आठ नॉटच्या मालवाहू जहाजाचा पाठलागही होत नाही. मागून, तिरकं, घाईत नेम धरणाऱ्याला तिन्ही आकडे अचूक लागतात, आणि ते कधीच अचूक नसतात. तालमीत वस्ताद डाव शिकवायच्या आधी पवित्र्यावर महिना घालवतात, ते उगाच नाही.

म्हणून जहाज लांब दिसलं की नकाशावर त्याची जागा टिपायची, काही वेळानं पुन्हा टिपायची, दोन ठिपके जोडून रेघ पुढं वाढवायची. पाण्यावरूनच लांबून वळसा घालून पुढं जायचं. मग बुडी मारून त्या रेघेला काटकोनात, हजारेक मीटरवर, नाक रेघेकडं करून बसून राहायचं. पेरिस्कोप समोर शून्यावर असताना यंत्राला कोन 90 सांगायचा, वेग सांगायचा. शेवटी पेरिस्कोप जहाज येतंय त्या बाजूला दहा अंश वळवायचा आणि जहाज पेरिस्कोपच्या काचेतल्या उभ्या तारेवर आलं की सोडायचं. टॉर्पेडो सरळ जातो, कुठं वळत नाही.

यात अंतर कुठं गेलं? गळून पडलं. जहाज आठ पावलं चालतं तेवढ्यात टॉर्पेडो चव्वेचाळीस चालतो. त्रिकोण लहान काढा की मोठा, कोन तोच. हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो.

अंतर गळालं म्हणून कितीही लांबून मारता येतं असं मात्र नाही. वेगात एका नॉटची चूक झाली, तर हजार मीटरवर नेम तेवीस मीटर चुकतो. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन मालवाहू लिबर्टी जहाज 134 मीटर लांब, मध्यावर नेम धरला तर दोन्हीकडं 67 मीटर माफ. तीन हजार मीटरवरून तीच एक नॉटची चूक 68 मीटर होते. गेला शेपटीमागून. विजेवर चालणारा टॉर्पेडो बुडबुड्यांची रेघ सोडत नाही, पण तो 30 नॉटचा, त्याला नेम पंधरा अंश आधी आणि चूक आणखी महाग.

म्हणजे खरी मेहनत वेगावर. जहाज ओळखलं की लांबी कळते. पाणबुडी थांबवून पेरिस्कोप स्थिर धरायचा आणि नाकापासून शेपटीपर्यंत तार ओलांडायला किती सेकंद लागले ते मोजायचे. 134 मीटर 33 सेकंदांत, म्हणजे सेकंदाला चार मीटर, गुणिले 1.94, जवळजवळ आठ नॉट. नकाशावरून हवा असेल तर सव्वातीन मिनिटांत जितके शंभर मीटर सरकलं तितके नॉट.

कोल्हापुरात समुद्र नाही, पण ऊस आहे. गळीत हंगामात कसबा बावड्याच्या रस्त्याला विजेच्या खांबासमोर उभा राहून मी हा सराव केला. एका थांबलेल्या ट्रॅक्टरची दोन ट्रॉल्यांसकट लांबी टेपनं मोजली, सोळा मीटर भरली. भरलेला ट्रॅक्टर खांब चार सेकंदांत ओलांडायचा. काढा हिशेब: पावणेआठ नॉट. अगदी अटलांटिकमधलं मालवाहू जहाज! एका ड्रायव्हरनं गाडी थांबवून विचारलं, "आरटीओचं काय हाय का, साहेब?"

जहाजाच्या नाकापासूनचा कोन मात्र डोळ्यानं ठरवू नका. साठ अंशातून दिसणारं जहाज पूर्ण लांबीच्या 87 टक्के दिसतं, अंधारात ते आडवंच वाटतं. रेघ मारा.

ते अकरा टॉर्पेडो? त्यातले शेवटचे चार काटकोनात बसूनच गेले. जहाज डावीकडून येत होतं म्हणून मी यंत्राला डावी बाजू सांगितली. आणि डावीकडून उजवीकडं जाणारं जहाज आपल्याला त्याची उजवी कूस दाखवतं! टॉर्पेडो इमानदारीत उलट्या दिशेला गेले.

पॅसिफिकचा भाग खेळणाऱ्यांना एक सांगून ठेवतो. अमेरिकनांचा मार्क 14 टॉर्पेडो काटकोनात बरोबर आपटला की फुटायचाच नाही. धडकेनं आतली फायरिंग पिन अडकायची, तिरका लागला तर फुटायचा. 1943मध्ये हवाईतल्या कहोओलावे बेटाच्या कड्यावर टॉर्पेडो मारून त्यांनी हे शोधलं आणि पिन हलकी केली. युद्ध निम्मं झाल्यावर! आमच्याकडं असा जॉब गिऱ्हाइकानं दुसऱ्याच दिवशी दारात आणून टाकला असता.

बारावा टॉर्पेडो लागला तेव्हा भाचा शेजारीच बसला होता. स्टॉपवॉच त्याच्याच हातात होतं. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, आणि आवाज. तो म्हणाला, "मामा, हिरवं कधी झालं?"