पारादीपचे पापलेट, नवापूरची वाट

जळगावात समुद्री मासे विकणाऱ्या दुकानाची खरी परीक्षा आषाढात होते. श्रावण लागण्याआधी मांसाहाराची हौस भागवून घेण्याची आपल्याकडची रीत आणि १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना असलेली मासेमारीबंदी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी येतात. माशांच्या अनेक जातींचा हा विणीचा काळ असतो. म्हणजे ज्या आठवड्यात गिऱ्हाईक पापलेटासाठी मागाल ती किंमत द्यायला तयार असते, त्याच आठवड्यात अरबी समुद्रातले ताजे पापलेट आमच्याकडे नसणेच रास्त असते. २०२५ मध्ये आषाढ अमावस्या २४ जुलैला आली होती. मी सांगते आहे तो प्रसंग तिच्या तोंडावरचा आहे.

परदेशी चीज, ऑलिव्ह तेल आणि नॉर्वेचा सामन मासा ठेवणाऱ्या एका महागड्या खाद्यपदार्थांच्या दुकानात मी मासळीची खरेदी आणि तपासणी पाहते. आमच्या शेठजींनी घालून दिलेला नियम साधा आहे: जात कोणती, कोणत्या पाण्यातली, कोणत्या जाळ्याने धरलेली, कोणत्या बंदरावर कधी उतरलेली, हे कागदावर असल्याशिवाय पेटी आत घ्यायची नाही. मासा शेततळ्यात वाढवलेला असेल तर त्या तळ्याची नोंदणी पाहायची. सामनच्या किंवा शेतीतल्या कोळंबीच्या बाबतीत हे काम तुलनेने सोपे असते, कारण त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे उपलब्ध आहेत आणि आम्ही ती मागतो. समुद्रात धरलेल्या मासळीसाठी मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या, साठा संपू न देणाऱ्या मासेमारीला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा निळा शिक्का जगभर ओळखला जातो. भारतात तो पहिल्यांदा २०१४ मध्ये केरळमधल्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांच्या मासेमारीला मिळाला. पापलेटाच्या पेटीवर मात्र तो शिक्का मी आजवर पाहिलेला नाही. त्यामुळे तिथे खरेदीदाराने स्वतः प्रश्न विचारण्याला पर्याय नसतो.

पापलेटाविषयी मी जरा जास्तच काटेकोर आहे, हे माझे सहकारी हसत हसत सांगतात. त्याला कारण आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये रुपेरी पापलेटाला राज्य मासा म्हणून घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. एकदाही अंडी न घातलेला मासा ताटात जात राहिला तर पुढच्या हंगामात जाळ्यात काय येणार, असा या नियमामागचा विचार आहे. आणि आमच्या गिऱ्हाइकाला नेमका ताटात अख्खा मावेल असा, म्हणजे लहान, मासा हवा असतो. मोठ्या माशाचे तुकडे घ्या, असे पटवून देण्यात माझा बराच वेळ जातो.

जुलैतल्या मागणीवर एक कायदेशीर तोड आहे. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते, त्यामुळे आपल्या बाजूचा समुद्र बंद असताना ओडिशा आणि आंध्रमधल्या बोटी पुन्हा पाण्यात उतरलेल्या असतात. योगायोग असा की, सुरतेजवळच्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ आमच्या जळगावातूनच जातो. समुद्रापासून इतक्या दूर बसूनही आम्ही दोन्ही किनाऱ्यांना एकाच रस्त्याने जोडलेले आहोत.

त्या दिवशी सकाळी आलेल्या गाडीचे कागद म्हणूनच मला समाधानकारक वाटले. बिलावर पारादीप बंदर होते, मासेमारीचे क्षेत्र ५७, म्हणजे जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या वर्गवारीतला पूर्व हिंदी महासागर, जाळे गिलनेट, म्हणजे मासा कल्ल्यांशी अडकवणारे, आणि मासळी उतरल्याची तारीख तीन दिवसांपूर्वीची. मासाही उत्तम होता: मांस घट्ट, कल्ले लालभडक, डोळे स्वच्छ आणि लांबी मोजपट्टीवर व्यवस्थित भरणारी. सराफ बाजारातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाची मोठी मागणी याच पेट्यांवर अवलंबून होती.

खटकला तो बर्फ. सुमारे दीड हजार किलोमीटर आलेल्या पेटीत बर्फ वितळून पुन्हा भरलेला असतो, तळाशी पाणी साचल्याची खूण असते आणि थर्माकोलच्या कडा मळलेल्या असतात. या पेट्यांत मात्र बर्फाच्या तुकड्यांच्या कडा अजून धारदार होत्या. मी चालकदादांना चहा दिला आणि उशीर का झाला, एवढेच विचारले. ते साक्रीकडचे निघाले. "ताई, कोंडाईबारीना घाटमा दोन घंटा आडकी गयथू," असे त्यांनी अगदी सहज सांगितले आणि पावसाने दरड आल्याची हकिकत सुरू केली.

कोंडाईबारीचा घाट जळगावच्या पश्चिमेला, सुरतेच्या वाटेवर, नवापूर आणि साक्री यांच्यामध्ये आहे. पारादीपहून येणारी गाडी रायपूर, नागपूर, अकोला, भुसावळ अशी पूर्वेकडून जळगावात शिरते. तिला त्या घाटाचे तोंडही दिसायचे कारण नाही. मी फास्टॅगचे संदेश दाखवायला सांगितले, तेव्हा आदल्या रात्रीपासूनचे सगळे टोलनाके सुरतेच्या बाजूचेच निघाले. चालकाचा यात काडीचाही दोष नव्हता. त्यांना भाडे मिळाले होते, बिलावर काय लिहिले आहे ते त्यांनी वाचलेही नव्हते, आणि त्यांचे नाव यात येऊ नये याची काळजी मी पुढे घेतली.

पुरवठादाराला फोन केला. आधी ते म्हणाले की माल सुरतेला शीतगृहात नेऊन परत फिरवला होता. शीतगृहात गोठवलेला मासा आणि बर्फात ठेवलेला मासा यांतला फरक हाताला कळतो, हे मी सांगितल्यावर त्यांनी भूमिका बदलली आणि बिगर यांत्रिक नौकांना बंदी लागू नसते, हा मासा तशाच होड्यांचा आहे, असे म्हणाले. मुद्दा कायद्याने बरोबर होता. वल्ह्या-शिडाच्या होडीने किनाऱ्यालगत मासे धरणाऱ्या माणसाचे पोट बंदीतही चालावे म्हणूनच ती सवलत आहे, आणि तसा माल असेल तर मी तो आनंदाने घेईन. मग गावाचे नाव, होडीचा क्रमांक आणि क्षेत्र ५१, म्हणजे अरबी समुद्र ज्यात येतो तो पश्चिम हिंदी महासागर, असे खरे लिहून द्या, असे मी म्हटले. जुलैच्या खवळलेल्या समुद्रातून छोट्या होड्यांनी एकाच मापाच्या पापलेटाच्या इतक्या पेट्या एका दिवसात आणल्या, हे लिहून द्यायला मात्र ते तयार झाले नाहीत.

गाडी परत पाठवली. शेठजींनी दोन प्रश्न विचारले: आगाऊ रक्कम किती अडकली आणि गिऱ्हाइकाला काय सांगायचे. रकमेची वसुली पुढच्या बिलातून झाली. गिऱ्हाइकाशी बोलणे अवघड गेले. सराफ बाजारातल्या त्या काकांचा युक्तिवाद असा की मासा तर मेलेलाच आहे, तुम्ही नाही घेतला तर दुसरा घेईल. तो दुसऱ्याने घेतला असणार, यात मलाही शंका नाही. पण पुढच्या आषाढात तीच गाडी पुन्हा भरायची की नाही, हे या आषाढात ती किती दारांवरून परतली यावर ठरते, असे मी त्यांना सांगितले. मी त्यांच्यापुढे आंध्रातल्या नोंदणीकृत तळ्यातली व्हेनामी कोळंबी आणि मे महिन्यात, बंदीपूर्वी धरून गोठवलेली सुरमई ठेवली. सुरमईच्या पाकिटावर गोठवल्याची तारीख ठळक होती. "गाभोळीवाला रोहू तरी द्या," असे ते म्हणाले. रोहू-कटला नदीच्या पुरातच अंडी घालतात, तेव्हा पावसाळ्यात नदीतली गाभोळी मी मागवत नाही, हे ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला आणि कोळंबी घेतली. सुरमई त्यांनी घेतली नाही. गोठवलेला मासा म्हणजे शिळा, हा समज आमच्या भागात अजून पक्का आहे.

आता आमच्या आवक नोंदवहीत बंदराच्या रकान्याशेजारी मार्गाचा रकाना आहे, आणि गाडी आली की टोलच्या संदेशांची छायाचित्रे बिलाला जोडली जातात. त्या पुरवठादाराने सप्टेंबरमध्ये पुन्हा माल देऊ केला. या वेळी कागदावर क्षेत्र ५१ होते, बोटीचा नोंदणी क्रमांक होता आणि गाडी नवापूरमार्गेच आली होती. तो माल मी उतरवून घेतला.